पेठेपासून कळंबपर्यंत

जुन्नरच्या बाजारपेठेत सोहनलाल शेठजींचं कापडाचं दुकान होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा पारस तिथे गादीवर बसून कापड मोजत असे. गिऱ्हाईक त्याला पारसशेठ म्हणायचं. गल्ली त्याला तपस्वी म्हणायची, आणि ते नाव आदराचं नव्हतं.

नाव पडलं नव्वद साली. पारस तेव्हा अठरा वर्षांचा होता. पर्युषणात त्यानं अठाई धरली, म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवस असेपर्यंत. सोहनलालजींची छाती फुगली. त्यांनी मिरवणुकीला बग्गी ठरवली, बँडवाल्याला सांगितलं, मारवाडातून नातेवाईक बोलावले. सहाव्या दिवशी दुपारी पारसची आई उगमबाई मागच्या खोलीत गेली, तर पोरगा कापडाच्या गठ्ठ्यांमागं गूळ-शेंगदाणे खात बसलेला.

"काय खातोस रे?"

"काही नाही, बाई," तो म्हणाला. आईला तो बाई म्हणत असे. गूळ ओठाला तसाच चिकटलेला होता.

उगमबाईनं नवऱ्याला सांगितलं, पण बग्गी काही रद्द झाली नाही. "पाहुणे दारात आलेत," सोहनलालजी म्हणाले, "आता तोंड बंद ठेवायचं आणि बसायचं." आठव्या दिवशी पारस हार घालून बग्गीत बसला. उगमबाईनं चारचौघांसमोर आपल्या हातानं त्याला मुगाचं पाणी पाजून पारणं करवलं. पाजताना तिनं त्याच्या ओठांकडं बघायचं टाळलं आणि बायकांना वाटलं, आनंदानं डोळे भरून आलेत. पण शेजारच्या सायकलच्या दुकानातल्या भगवंतानं मागच्या खिडकीतून तो गूळ पाहिला होता. मिरवणूक दारावरून गेली तेव्हा तो एकाच माणसाच्या कानाला लागला. बाजारात एक कान पुरतो.

तेव्हापासून पारसला सुटका नव्हती. "मीटर पुरा भरा हां तपस्वी, मधीच सोडू नका," असं गिऱ्हाइकांदेखत म्हटलं जाई. पारस हसायचा आणि कापड बोटभर जास्तच मोजायचा. त्यावरून पुन्हा बापाची बोलणी खायचा. आपल्या मनाला शिक्षा म्हणून त्यानं नवकारसीचं व्रत मात्र घेतलं होतं, सूर्य चांगला वर आल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. ते त्यानं एकदाही मोडलं नाही. पण ते कोणाला दिसत नव्हतं.

पस्तिशीला त्याला साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. चालता चालता तो पळायला कधी लागला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. त्याच सुमारास एक कागद त्याच्या हातात पडला. कोणा पुढाऱ्याच्या वाढदिवसानिमित्त डिसेंबरात हाफ मॅरेथॉन होती, पेठ गावापासून अवसरीचा घाट उतरून, मंचर ओलांडून कळंबच्या शाळेच्या मैदानापर्यंत. पारसनं कागद घडी करून खिशात ठेवला. एवढी एक गोष्ट पुरी केली, तर तपस्वी म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील असं त्याच्या मनानं घेतलं.

रोज पहाटे तो आपटाळ्याच्या रस्त्यानं पळू लागला. पोट पुढं आणि पाय मागं, असं ते पळणं. दुधाच्या किटल्या घेऊन येणारे मोटारसायकली हळू करून बघायचे. एसटीचा कंडक्टर दारातून म्हणायचा, "बसा की शेठ, जागा हाय. तिकीट न्हाई घेत तुमचं." कुत्र्यांनी तर रोजचाच नेम धरला. बायको डिंपल म्हणाली, "तुम्ही पळा हो, पण ती हाफपँट घालून बाजारातून नका ना येऊ. मला बायका विचारतात." तो गावाबाहेर एका झाडामागं पँट बदलू लागला.

पावसाळा संपेपर्यंत पोट उतरलं. दम टिकायला लागला. त्या रस्त्यावरच्या वाडीपर्यंत जाऊन परत यायचं, हे त्याला आता जड जात नव्हतं. वाडीतला जानकू भात झोडता झोडता थांबायचा आणि विचारायचा, "शेठ, कुनी मागं लागलंय का?"

"नाही रे. उगाच पळतो."

"उगाच?" जानकू म्हणायचा आणि पुन्हा झोडायला लागायचा.

शर्यतीचं बाजारात फुटलं आणि गल्लीला नवा खेळ मिळाला. भगवंतानं पुढाकार घेतला. "आपल्या गल्लीचा मानूस हाय," तो म्हणाला, "सत्कार नको का करायला?" त्यानं सोहनलालजींना गाठलं. सत्काराचं नाव निघताच म्हाताऱ्याला बग्गीचे दिवस आठवले. शाल आपल्याच दुकानातली देतो, म्हणाले. शर्यतीच्या आदल्या दिवशी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. त्यावर पारसचा लग्नातला फोटो, पाठीमागं उगवता सूर्य आणि खाली मोठ्या अक्षरात, हाफ मॅरेथॉन यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

पारस तो बघून हादरला. "भगवंतभाऊ, अजून पळायचंय मला."

"मग पळा की. आमी कुठं आडवतोय?"

पेठेला उजाडायच्या आत शर्यत सुटली. पहिल्या टेबलांवर पोरं पाण्याच्या पिशव्या हातात कोंबत होती. पारसनं हात जोडले आणि पुढं गेला. सूर्य अजून वर यायचा होता. घाटाच्या तोंडाशी तहान लागली, तिथंही त्यानं पिशवी नाकारली. उतारावर गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. मंचरात पोचला तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं, व्रताची वेळ केव्हाच संपली होती, आणि पाण्याची टेबलं उलटी करून टेंपोत चढवली जात होती. मागं राहिलेल्यांसाठी काही उरलं नव्हतं. हॉटेलात पाणी मागायला थांबलो तर पाय पुन्हा हलायचे नाहीत, या भीतीनं तो तसाच पुढं रेटत राहिला.

कळंब दिसायला लागलं आणि त्याच्या पोटऱ्या आवळल्या. तो रस्त्याच्या कडेला बसला, मग आडवाच झाला. सकाळपासून मागून हळूहळू येणारी भगवंताची जीप शेजारी थांबली. भगवंतासोबतच्या चौघांनी त्याला उचलून आत घातलं. पाणी पाजलं, तेही हसत हसत.

"मला उतरवा," पारस म्हणाला.

"उतरवतो की. शाळेच्या भिंतीपाशी उतरवतो. कोपऱ्यावरनं लंगडत आत जायचं. कोन बघतंय राव?"

तसंच झालं. पोटरी धरून तो चुन्याच्या रेघेवरून गेला. कोणीतरी गळ्यात पदक अडकवलं. भगवंतानं फोटो काढला.

संध्याकाळी गल्लीत मांडव होता. सोहनलालजी नव्या धोतरात पुढच्या खुर्चीवर बसले होते. जीपमधले चौघे मागं उभे होते आणि तोवर सगळ्या गल्लीला सगळं ठाऊक झालं होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त म्हाताऱ्याला. भगवंत माईकवर बोलला, "आमचे तपस्वी आज खरे तपस्वी झाले." टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत काहींनी तोंडाला रुमाल लावले. शाल पारसच्या खांद्यावर पडली, नारळ हातात आला. त्याला बग्गीची हालचाल अंगाखाली जाणवली, तशीच.

त्यानं माईक घेतला. "मी कळंबच्या अलीकडं पडलो," तो म्हणाला. "तिथून जीपनं आलो. शर्यत पुरी केलेली नाही." मग त्यानं पदक काढून टेबलावर ठेवलं.

हसायला जमलेली माणसं हसेनात. ठरलेली गंमत त्यानंच सांगून टाकली, म्हणून बहुतेकांना रागच आला. भगवंत म्हणाला, "आता चहाचं काय करायचं?" तेव्हा कुठं लोक हसले.

सोहनलालजी उठले. त्यांनी मुलाच्या खांद्यावरची शाल काढली, घडी घातली, किमतीची चिठ्ठी जागेवर आहे ना ते बघितलं. "तेव्हा बग्गीत गप्प बसलास," ते हळूच म्हणाले, "तेवढी तरी अक्कल होती. आज सत्कारसुद्धा पुरा करता आला नाही." शाल त्यांनी दुकानात नेऊन फळीवर ठेवली. पुढच्या बाजाराच्या दिवशी ती विकली गेली.

तपस्वी हे नाव मात्र त्या दिवसापासून गेलं. गल्ली आता त्याला जीप म्हणू लागली. फ्लेक्स जानकूनं मागून नेला आणि शेरडांच्या गोठ्यावर टाकला. पारस पहाटे तिकडं पळत गेला की आपलाच चेहरा वरून बघायचा. "लई उपकार झाले शेठ," जानकू म्हणायचा. "शेरडं कोरडी ऱ्हायली तुमच्यामुळं."

पुढच्या डिसेंबरची त्यानं वाट पाहिली. पण पुढाऱ्याला तिकीट नाकारलं गेलं होतं आणि शर्यत झालीच नाही. तेव्हा एका पहाटे माल बघायला जातो म्हणून पारस घरातून निघाला, एसटीनं पेठेला उतरला, सूर्य वर येईपर्यंत बसून राहिला. मग पोटभर पाणी पिऊन, बाटली हातात घेऊन निघाला. घाट जपून उतरला. मंचरच्या बाजारातून हातगाड्या चुकवत गेला. ट्रकवाले हॉर्न मारत होते. गेल्या वर्षी पडला होता ती जागा आली, गेली. शाळेचं फाटक बंद होतं. त्यानं फाटकाच्या लोखंडाला हात लावला आणि तिथंच उभा राहिला. आतून शिपाई म्हणाला, "पावनं, आज सुट्टी हाय."

घरी आला तेव्हा उगमबाई ओट्यापाशी एकटीच होती. पारस तिच्यापुढं खाली बसला. कोणालाच सांगायचं नाही असं त्यानं येताना एसटीत ठरवलं होतं, पण आई दिसली आणि राहवलं नाही.

"बाई, आज मी पुरं पळालो. पेठेपासून कळंबपर्यंत. मधे थांबलो नाही."

"कोण होतं बरोबर?"

"कोणी नाही."

उगमबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिची नजर त्याच्या ओठांवर गेली. मग तिनं तांब्यातून पेला भरला, तोंडाला लावायला स्वतःच्या हातानं पुढं केला.

"त्या दिवशी मांडवात खरं बोललास," ती मायेनं म्हणाली, "तेव्हा माझा जीव निवला होता रे. आता परत खोटं कशाला?"

पारसनं तोंड उघडलं. पेला ओठाला लागलेलाच होता. तो पाणी प्यायला.