काठोकाठ चहा

बीडच्या सर्व्हिस सेंटरमधल्या त्या मेकॅनिकचा लॅपटॉपवर काडीचा विश्वास नाही. माझी ऑटोमॅटिक गाडी गिअर बदलताना हिसका द्यायची. दोनदा सॉफ्टवेअर अपडेट केलं, दोन्ही वेळा लॅपटॉप 'यशस्वी' म्हणाला.

"त्याला काय कळतंय, साहेब? ते टेबलावर बसलंय. घ्या गाडी लिंबागणेशच्या चढाकडं," म्हणत मेकॅनिक काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास मांडीवर धरून शेजारी बसायचा. दोन्ही वेळा त्याची पँट भिजली आणि गाडी परत आत गेली.

तिसऱ्या अपडेटनंतर अख्खा चढ संपला, तरी चहा काठाच्या आतच. "लई बेस झालं बगा!" म्हणून त्यानं तो गार चहा एका दमात संपवला आणि जॉबकार्डवर शेरा लिहिला: चहा सांडला नाही.