मोहिनी रोज फिरायला जायची

माझ्या धाकट्या जावेचं, मोहिनीचं, माहेर मनमाडचं. वडील रेल्वेत होते आणि क्वार्टर रुळांना इतकी लागून, की गाडी आली की फडताळातली भांडी वाजायची. त्यामुळे त्या घरात हळू बोलायची सवयच कुणाला नव्हती. अशी मुलगी आमच्या घरात आली. आमच्याकडे सासरे घरात असले की बशीसुद्धा आवाज न करता ठेवायची. सासऱ्यांचं नाव खंडेराव, घरात सगळे नाना म्हणतात. पंचवटीत तीन खोल्या, सात माणसं आणि आवाज एकट्या नानांचा.

त्यातली गंमत अशी, की बाहेर नानांसारखा मवाळ माणूस शोधून सापडायचा नाही. मखमलाबाद रस्त्याला आमचा फुलांचा मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. फुलबाजारात नानांची ख्याती काय, तर 'नाना म्हणजे अगदी गोड माणूस, कधी कुणाला वर तोंड करून बोलले नाहीत.' हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. सगळा गोडवा बाजारात वाटून झाला की घरी काय येणार?

लग्नानंतरचे पहिले काही महिने मोहिनी गप्प होती आणि तिचं पोट दुखत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सासूबाईंनी ओवा दिला, गुण कशाचाच आला नाही. मग सिंहस्थ आटोपला आणि नदीकाठी ती नवी बाग झाली. फरशीचा रस्ता, हिरवळ, पाण्याकडे तोंड करून मांडलेले बाक. राज, म्हणजे माझा धाकटा दीर, सातपूरला कंपनीत होता. तो संध्याकाळी आला, चहा झाला, की म्हणायचा, "आई, आम्ही जरा फिरून येतो." मोहिनी पावडर लावून, मळ्यातल्या फुलांचा गजरा माळून दारात तयारच असायची. पोटदुखी कुठल्या कुठे पळाली.

हे सगळं बरोबर माझ्या भाकऱ्यांच्या वेळेला. नानांना आणि आमच्या ह्यांना तव्यावरची गरम भाकरी लागते. मी घामाघूम होऊन भाकऱ्या थापतेय आणि ही राणी नदीवर हवा खातेय. बरं, परत यायची ती कशी? गाल लाल, डोळे चमकतायत, दोन भाकऱ्या जास्तच खायची. गल्लीतल्या बयाबाई मला मुद्दाम थांबवून सांगायच्या, "काय प्रेम गं तुझ्या दिराचं! एक दिवस चुकवत नाही." सासूबाई तर नव्या सुनेचं कौतुक करून थकत नव्हत्या. मी एकदाच म्हणाले, की रविवारी तरी तिनं पीठ मळावं. तर म्हणाल्या, "जाऊ दे सुवर्णा, नवं लग्न आहे." दोन वर्षं झाली तरी नवंच!

माझ्या मुलीची, शुभांगीची, बारावी झाली त्या वर्षाची ही गोष्ट. मार्क चांगले पडले. तिला पुढे बी.एस्सी. करायचं होतं. नानांनी मात्र बाजारातूनच वणीकडच्या एका बागाईतदाराला शब्द दिला. त्याची द्राक्षाची बाग, मुलगा एकुलता एक, रविवारी बघायला येणार. घरात येऊन त्यांनी नुसतं कळवलं. शुभांगी आतल्या खोलीत जाऊन बसली ती जेवायलाही उठली नाही. आमचे हे खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले. नाना "भारत" अशी हाक मारायचे, तेव्हा चाळिशी उलटलेला हा माणूस शाळेत हजेरी दिल्यासारखा "हो" म्हणायचा. आणि मी? मी वाढत होते. आमच्या दोघांचं बोलणं म्हणजे पडद्यापलीकडे नाना खोकले की थांबायचं. एकोणीस वर्षं आम्ही दोन खोकल्यांच्या मधल्या जागेत संसार केला. बोलायचं कधी आणि कुठे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोहिनीची मावशी अचानक दारात उभी राहिली. तिला बोलवायला सासूबाईंनी मलाच पिटाळलं. तव्यावरची भाकरी उतरवून, पदरानं हात पुसत, मनातल्या मनात दोघांचा उद्धार करत मी बागेत पोचले. बाग मोठी, जोडपी भरपूर. दारातल्या भेळवाल्याला विचारलं, "एक जोडपं रोज येतं, ती गजरा घालते, बघितलंत का?"

"भांडणाऱ्या मॅडम ना?" तो म्हणाला. "त्या तिकडं, शेवटच्या बाकावर. आवाजाच्या अंगानं जा, सापडतील."

मला वाटलं, त्याची काहीतरी चूक होतेय. पण थोडं पुढे गेले आणि आवाज आला. मोहिनी बाकासमोर कमरेवर हात ठेवून उभी होती आणि राज बाकावर अंग चोरून बसला होता. जवळून चालणारे लोक थोडा वळसा घालून जात होते, रोजचं असल्यासारखे. दोन वर्षं हे प्रेमी जीव इथे भांडायला येत होते! कपाळाला हात लावून तिथेच बसावंसं वाटलं मला.

आणि भांडण कशावरून, तर माझ्या लेकीवरून.

"ताई तोंड उघडत नाहीत," मोहिनी ओरडत होती, "भाऊंची मान वर होत नाही, आणि तुम्हाला काय झालंय? पोरगी रडून रडून अर्धी झालीय. नानांना एक वाक्य बोलायला काय जातं तुमचं?"

"मी धाकटा आहे," राज म्हणाला. "माझं कोण ऐकणार?"

"पगार घेताना ऐकतात की! सगळा पगार नेऊन हातावर ठेवता, तेव्हा धाकटे नसता?"

मी पुढे झाले. मला बघून राज उठून उभा राहिला, आणि मोहिनीचा आवाज एका क्षणात आमच्या घरातल्याएवढा बारीक झाला. "ताई, तुम्ही?"

मला इतका राग आला होता, की कुणाचा आलाय तेच कळेना. माझ्या मुलीसाठी ही परक्या घरातली पोर चारचौघांत घसा फोडतेय आणि मी तिकडे भाकऱ्या थापतेय. मी म्हणाले, "माझ्या पोरीचं मी बघेन. तू कशाला मध्ये पडतेस?"

"मग बघा ना," ती म्हणाली. "पण घरात नाही व्हायचं ते, ताई. मी दोन महिने प्रयत्न केला, पोटात गोळा यायचा. भाऊंना इथं घेऊन या. इथं पाण्याचा आवाज आहे, मोठ्यानं बोलावंच लागतं."

शहाणपणा शिकवते मला! पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "चला, जरा फिरून येऊ." नाना पेपरातून वर बघायला लागले, तोवर मी चपला घातल्या होत्या. भाकऱ्या मोहिनीनं केल्या. जाड्या केल्या असणार, पण केल्या.

हे एवढे खूश झाले, की सांगायची सोय नाही. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघंच कुठे आलो होतो. त्यांनी भेळ घेतली, तिखट कमी घालायला सांगितलं, बाक रुमालानं झटकला. मी शेवटच्या बाकावर बसले आणि बोलायला गेले तर आवाजच फुटेना. घशातून नुसती हवा आली.

"काय?" ते म्हणाले.

"शुभांगीचं म्हणतेय."

"काय? ऐकू येईना." धरणातून पाणी सोडलं होतं, बंधाऱ्यावरून ते धो धो पडत होतं.

"शुभांगीला शिकायचंय म्हणतेय!"

"पाणी लई आहे गं आज. काय म्हणालीस?"

आणि मग माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. मी उभी राहिले आणि ओरडले, "माझी मुलगी लग्न करणार नाही! ती शिकणार! आणि तुम्ही नानांना सांगणार! नुसती भेळ काय खाताय?" हिरवळीवर लाफ्टर क्लबचे लोक हात वर करून हसत होते, ते हसायचे थांबले. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

ह्यांनी भेळेचा कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "मला नाही गं बोलता येत नानांपुढं. घरात शिरलो की माझी जीभच टाळ्याला चिकटते."

मी चांगलं भांडायला आले होते, आणि समोरचा माणूस म्हणतो, की माझंही तुझ्यासारखंच आहे. संतापून मी उरलेली भेळ संपवली. निघताना म्हणाले, "मग घरात नका बोलू. शनिवारी नानांनाच इथं आणू."

नाना कसले येतात? "हवा काय घरात कमी पडली?" असं म्हणाले. पण सासूबाईंना मी मोहिनीकडून सगळं कळवून ठेवलं होतं. त्या कधी नव्हे ते हटून बसल्या, "सगळ्या गल्लीनं बाग बघितली, मीच राहिले. मला नेणार का नाय?" शेवटी शनिवारी सगळं घर निघालं. नाना टोपी घालून पुढे, आम्ही सहा जण मागे.

नानांना आम्ही शेवटच्या बाकावर बसवलं. सासूबाई शेजारी बसल्या. आमचे हे समोर उभे राहिले, दोनदा खाकरले, रुमाल काढला, परत खिशात ठेवला. मोहिनीनं मागून राजला कोपर मारलेलं मी बघितलं. मग हे म्हणाले, "नाना, शुभांगीचं आत्ता नको. तिला कॉलेजला घालू."

नानांचा चेहरा तांबडा झाला. तोंड उघडलं, आता आवाज येणार म्हणून आम्ही सगळे आपसूक आक्रसलो. पण त्यांनी इकडे तिकडे बघितलं. लोक चालत होते, पोरं खेळत होती, दोघातिघांनी ओळखीचं हसून नमस्कारही केला होता. नानांनी आवाज गिळला आणि दातांतून म्हणाले, "घरी चल, मग बोलू."

"नाही नाना," मी म्हणाले. "इथंच बोलू. शुभांगी कॉलेजला जाणार."

सासऱ्यांशी मी पहिल्यांदाच अशी थेट बोलत होते. आणि बोलले तेही एवढ्या मोठ्यानं, की बाकामागून जाणारा एक माणूस थांबला. बघते तर फुलबाजारातले केरूअण्णा. आमची निम्मी फुलं तेच घेतात.

"राम राम नाना! सगळं घर बागेत? काय, नात कॉलेजला जातेय म्हणे?"

नानांनी आमच्याकडे बघितलं, मग केरूअण्णांकडे. आणि त्या चेहऱ्यावर बाजारातलं ते गोड हसू हळूहळू पसरत गेलं. "हो की," ते म्हणाले. "हुशार हाय पोरगी. शिकायचं म्हणती, शिकू दे. आपण कुठं नाय म्हणतो?"

"वा! याला म्हणतात मन. उद्या बाजारात सगळ्यांना सांगतो," असं म्हणून केरूअण्णा पुढे गेले.

ते वळणापलीकडे दिसेनासे झाले, तसं नानांचं हसू उतरलं. माझ्याकडे बोट रोखून ते म्हणाले, "घरी चला, एकेकाला बघतो."

"काय बघताय?" सासूबाई म्हणाल्या. आम्ही सगळे त्यांच्याकडे वळलो. "सांगितलंत ना केरूला? आता बाजारात झालं."

"आणि वणीवाल्यांना कोण सांगणार? उद्या माणसं दारात येतील!"

"तुम्हीच करा फोन," सासूबाई म्हणाल्या. "बाहेरच्यांशी तुम्ही लय गोड बोलता. आम्ही जन्मभर भिंतीआडून ऐकलंय."

नाना उठले, टोपी सारखी केली आणि रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथकडे चालू लागले. सासूबाई बाकावर तशाच बसून राहिल्या. शुभांगीनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला सुरुवात केली, आणि काचेआड नाना फोनवर वाकून कुणाला तरी हसून हसून काहीतरी सांगताना आम्हाला दिसत होते.