करेरीच्या तलावावर दोन पेशंट

डॉक्टरांनी यांना रोज चालायला सांगितलं होतं. कुठे चालायचं ते सांगितलं नव्हतं. त्यामुळे मे महिन्यात नांदेडचं ऊन मागे टाकून आम्ही दोघं हिमाचलातल्या करेरी तलावाकडे निघालो.

आधी ओळख सांगते. मी सुनंदा, नांदेडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. हे, म्हणजे माझे मिस्टर शिवानंद, मूळचे शिरूर अनंतपाळचे. नांदेडात त्यांचं बोअरच्या मोटारी आणि पाइपांचं दुकान आहे. मागच्या उन्हाळ्यात दुकानातच त्यांच्या छातीत दुखलं आणि अँजिओप्लास्टी झाली. तेव्हापासून घरात माझं राज्य आलं. भाजीत मीठ किती ते मी ठरवायचं, गोळ्या मी द्यायच्या, सिलिंडरला त्यांनी हात लावायचा नाही. तेही सगळं मुकाट ऐकायचे. एरवी गिऱ्हाइकाशी तासभर हुज्जत घालणारा हा माणूस बिनसाखरेच्या चहावरही कुरकुर करेना, तेव्हा मला वाटलं, तब्येत सुधारतेय.

पुण्याच्या लेकीने या ट्रेकची माहिती पाठवली. दोन दिवसांचा सोपा ट्रेक, वर बर्फाच्या पाण्याचा तलाव, काठावर महादेवाचं देऊळ. यांची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले, जा, पण सावकाश. शिरूरच्या मोठ्या नणंदेला, आक्कांना, हे अजिबात पटलं नाही. महादेवच बघायचा तर आपल्याकडे काय कमी आहेत, असं त्या दोनदा फोन करून म्हणाल्या.

आपल्याकडून जाणाऱ्यांची एक मोठी सोय म्हणजे अमृतसरची थेट रेल्वे. फक्त शनिवार-रविवारच्या ट्रेकसाठी नांदेडकराला आठवडाभर रजा टाकावी लागते, एवढं लक्षात ठेवा. डब्यात गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणारी कुटुंबं होती. समोरच्या सरदारजींनी लोणी लावलेला पराठा यांच्या हातावर ठेवला. मी तो उचलून परत दिला आणि कारणही सविस्तर सांगितलं. भोपाळपर्यंत सगळा डबा यांच्याकडे हळहळून बघत होता. हे खिडकीबाहेर बघत होते.

अमृतसरहून बसने पठाणकोट, तिथून धर्मशाळा. शुक्रवारी मुक्काम करून शनिवारी सकाळी टॅक्सीने करेरी गाव गाठलं. रस्ता अरुंद आहे, वळणांवर पोट ढवळतं, त्यामुळे नाश्ता बेताचाच करा. तंबू आणि झोपायच्या पिशव्या वाटाड्याकडून भाड्याने मिळतात, उगाच घरून ओझं नेऊ नका. आमचा वाटाड्या बलवंत, मेंढपाळाच्या घरातला, पन्नाशीचा माणूस. त्याने माझी सॅक उचलून पाहिली आणि आत काय आहे ते विचारलं. बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, यांचे सगळे रिपोर्ट, तीन प्रकारच्या गोळ्या, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. त्याने फक्त चटणीत रस दाखवला.

वाट ओढ्याच्या कडेकडेने चढते. सुरुवातीला देवदाराची सावली, नंतर नुसते दगड. दर थोड्या वेळाने मी यांना बसवून बोटाला ऑक्सिमीटर लावत होते. आकडा दर वेळी छान येत होता. लाकडी पुलाच्या पुढे मात्र माझंच डोकं गरगरायला लागलं. मी रोज पहाटे गोदावरीकाठी तासभर फिरते, त्यामुळे आपल्यालाच उंची बाधतेय ही शंका मी मनातच दाबली. पुढच्या चढावर मला ओकारी झाली. बलवंतने ऑक्सिमीटर काढून माझ्या बोटाला लावला आणि आकडा यांना दाखवला.

यांनी माझी सॅक उचलून स्वतःच्या छातीवर पुढून अडकवली. मी म्हटलं, "अहो, तुम्ही ओझं उचलायचं नाही."

"आता तू गप बस जरा," ते म्हणाले. "बोलताना बी दम लागून राहिला तुला."

वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी मला गप बस म्हटलं होतं. मला राग यायला हवा होता, पण तेवढाही दम नव्हता.

तलाव दुपारी दिसला. हिरवट, काचेसारखा स्थिर, पलीकडच्या कड्यावर बर्फाचे पट्टे, काठाला मेंढ्या. लोक इथे पोचून गहिवरतात म्हणे. हे कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "एवढं पानी, आन् एक मोटर न्हाई." मी तंबूत जाऊन आडवी झाले. माझ्या तलावदर्शनाची हकीकत एवढीच.

बलवंतचं म्हणणं होतं, सकाळपर्यंत बरं वाटलं नाही तर थेट खाली उतरायचं. रविवारी ओकारी थांबली होती, डोकं थोडं दुखत होतं. तंबूशेजारी राजमा-भात शिजवणारा एक जण होता, तो माझ्याकडे लक्ष ठेवणार होता. हे बूट बांधत म्हणाले, बलवंतबरोबर वरच्या कुरणापर्यंत जाऊन येतो. विचारलं नाही, सांगितलं. मी नको म्हणायला तोंड उघडलं, तोवर ते काठच्या टेकडीवरल्या महादेवाच्या देवळाशी पोचलेसुद्धा.

थोड्या वेळाने ढग उतरले आणि तलाव दिसेनासा झाला. मग गारा आल्या. गोळ्यांची पिशवी माझ्याकडेच राहिली होती. तंबूच्या दारात बसून मी कुरणाच्या वाटेकडेच बघत होते. आक्कांना फोनवर काय सांगायचं, याची वाक्यंही मनात जुळवून पाहिली. एक वाक्य धड जमेना. दवाखान्यात काचेबाहेर उभी होते तेव्हाही इतकी भीती वाटली नव्हती. तिथे निदान लेक शेजारी होती.

गारा थांबल्यावर दोन माणसं उतरताना दिसली. एक बलवंत, दुसरे हे, डोक्यापासून पायापर्यंत भिजलेले. मी टॉवेल त्यांच्या हातात दिला. ते शेजारी दगडावर बसले.

"वर्षभर तू माझ्याकडं असं बघत होतीस," ते म्हणाले, "की मला आपन गेलोच असं वाटायचं. वर कुनीच बघत नव्हतं."

"आणि मला जी भीती वाटत होती," मी म्हटलं, "ती कुणाला सांगायची?"

ते डोकं पुसता पुसता थांबले. "मला सांगायची. मी घरीच होतो की."

बलवंतने चहा आणला, त्यात भरपूर साखर होती. दोघांनीही प्यायला.

उतरताना दगड ओले होते. चढापेक्षा उतार अवघड, गुडघे जपा, काठी घ्या. मी यांचा हात धरला होता. समोरून येणाऱ्या मुलामुलींना हे थांबून सांगत होते, हळू जा, हिला त्रास झाला. अमृतसरपर्यंत हॉटेलवाल्यापासून टॅक्सीवाल्यापर्यंत माझी तब्येत सगळ्यांना माहीत झाली.

नांदेडला आलो तर तोच धगधगता वारा. तलावाचे माझ्याकडे मोजून चार फोटो, त्यातल्या दोनांत तंबूचा कापडी पडदाच आहे. तरी जा म्हणेन. फक्त धर्मशाळेत एक दिवस जास्त काढा, शरीराला उंचीची सवय होऊ द्या. आम्ही घाई केली.

मागच्या आठवड्यात हे मोटर बसवायला इस्लापूरकडे गेले होते. दिवे लागायची वेळ झाली तरी पत्ता नाही. एरवी मी पाच फोन करून जेवलात का, गोळी घेतली का, निघालात का, असं विचारलं असतं. या वेळी एकच केला आणि म्हटलं, मला भीती वाटतेय.

पलीकडे गाडी बाजूला घेतल्याचं कळलं, इंजिन बंद झालं. "हं," ते म्हणाले, "सांग."

मी बरंच सांगितलं. त्यामुळे त्यांना यायला आणखी उशीर झाला आणि भाकरी गार झाल्या.