तिसाव्या प्रश्नाचं उत्तर ‘ए’

“मॅडम, तिसाव्याचं उत्तर ‘ए’ कसं काय आलं?”

प्रज्ञा स्टाफरूमच्या दारात पेपर घेऊन उभी होती. सोमवारची सकाळ, माझा चहा अजून अर्धा शिल्लक. बाहेर नोटीस बोर्डावर दर महिन्याच्या सराव परीक्षेवरून ठरणारी बॅचची नवीन यादी लागून पंधरा मिनिटं झाली होती, आणि त्या यादीत ही मुलगी अ बॅचमधून घसरून ब बॅचमध्ये गेली होती. चेहऱ्यावरून सगळं दिसत होतं.

मी तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवलं. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून सांगलीतल्या एका क्लासमध्ये लागले. बारावीनंतर मोठ्या लॉ कॉलेजांत जायची एक एन्ट्रन्स असते, तिची तयारी आम्ही करून घेतो. माझ्याकडे व्हर्बल. म्हणजे काय, तर इंग्रजी उतारा वाचायचा आणि खालच्या प्रश्नांना चार पर्यायांतून एक उत्तर निवडायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्याकडे येतात ती सगळी दहावीला नव्वदच्या वर मार्क पडलेली मुलं. हुशार मुलांना शिकवायला काय लागतं, असं मला कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. अहो, हुशार मुलाला उतारा वाचायचाच नसतो. त्याला उत्तर पाठ करायचं असतं. “मॅडम, ह्या टाइपचा प्रश्न आला तर कुठला पर्याय टिक करायचा?” असं विचारणारी मुलं ही. बोर्डाच्या परीक्षेत ह्या पद्धतीवर पंच्याण्णव मार्क पडतात, मग त्यांचं तरी काय चुकलं!

प्रज्ञा पलूसकडची. रोज एसटीनं ये-जा करायची. वडील फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले आणि आता कारखान्यावर सिक्युरिटीला. त्यांनी ॲडमिशनच्याच दिवशी माझ्यासमोर पोरीला बजावलं होतं, “अ बॅचमध्ये टिकलीस तर वकिलीची परीक्षा. न्हाई टिकलीस तर गपगुमान घरी, बीएस्सीला.” ब बॅचला व्हर्बलचा तास आठवड्यातून एकच, तोही रेकॉर्ड केलेला. त्यामुळे बापाचं गणित तसं बरोबरच होतं.

तर तिसावा प्रश्न. उतारा असा, की एका गावानं रस्ता रुंद करायला दुतर्फाची जुनी झाडं तोडली. लेखक नगरपालिकेचं अभिनंदन करतो. म्हणतो, आता स्टँडवर उभ्या माणसाला ऊन कसं लख्ख मिळतं, कावळे गाड्या घाण करत नाहीत, आणि पालापाचोळा झाडायची कटकट कायमची मिटली. प्रश्न होता, लेखकाचा टोन कोणता? टोन म्हणजे माणूस कुठल्या सुरात बोलतोय ते. ‘ए’ला होतं समाधान. ‘डी’ला होता उपरोध. प्रज्ञानं ‘डी’ केलं होतं. आन्सर-कीमध्ये, म्हणजे उत्तरांच्या छापील यादीत, ‘ए’ होतं.

मी काय केलं असेल? उतारा वाचला? छे! आन्सर-की बघितली आणि समजवायला बसले.

“अगं, अभिनंदन असा सरळ शब्द वापरलाय. पुढं कौतुक केलंय. तीन-तीन फायदे मोजून दिलेत. मग समाधानी नाही तर काय?”

“पण मॅडम, त्यो मानूस चिडलाय.”

“कुठं लिहिलंय चिडलाय म्हणून? ओळ दाखव.”

“लिहिलं न्हाई. पण चिडलाय. आमची आत्या आशीच बोलती. माझ्या हातनं बरणी फुटली की म्हणती, बरं झालं बाई, आता लोणचं वाढायची कटकट मिटली.”

“परीक्षेत आत्या नको आणूस,” मी म्हटलं. “जे लिहिलंय तेवढंच वाचायचं. तू स्वतःचं घालतेस त्यात. तिथंच तुझे मार्क जातात.”

ती “व्हय मॅडम” म्हणाली आणि गेली. मी उरलेला चहा प्यायले. तीस वर्षांची सवय, असं छान समजावलं होतं की माझं मलाच पटलं.

पण दुपारी डबा खाताना ती आत्या काही डोक्यातून जाईना. पेपर मीच काढला होता. उत्तरं आधी मी माझ्या वहीत लिहिते आणि मग कॉम्प्युटरवर टाईप करते. वही उघडली. तिसाव्या प्रश्नापुढं माझ्याच अक्षरात ‘डी’! एकेक उत्तर ताडून बघितलं. तेरापर्यंत सगळं बरोबर. चौदावं उत्तर टाईप करायचंच राहिलं होतं. त्यामुळं पंधराव्याचं उत्तर चौदाव्यापुढं, सोळाव्याचं पंधराव्यापुढं, अशी सगळी रांग एकेक घर वर सरकली होती. सतरा प्रश्नांची वाट लागली होती. आणि तिसावं घर तर रिकामंच राहायला हवं होतं. मग तिथं ‘ए’ कुठून आला?

ऑफिसात सुनंदाताई बसतात. त्यांना विचारलं.

“त्ये मी टाकलं की,” त्या म्हणाल्या. “घर रिकामं राहिलं तर सॉफ्टवेअर घेत न्हाई. तुमी तासावर होता. म्हटलं कशाला त्रास द्या. ‘ए’ टाकलं. पयलाच असतोय न्हवं त्यो!”

मी कपाळावर हात मारून घेतला. त्यांना काय बोलणार? मूळ घोडचूक माझी.

आता खरी गंमत ऐका. आन्सर-की अशी सतरा ठिकाणी चुकलेली, तर सगळ्यांनाच मार्क कमी पडायला हवेत. पण अ बॅचच्या पहिल्या पाच मुलांना तीसपैकी अठ्ठावीस, एकोणतीस! मी त्यांच्या ओएमआर शीट काढल्या. ओएमआर म्हणजे गोल काळे करायचा कागद, जो मशीन तपासतं. पाचही जणांनी तिसाव्याला ‘ए’ काळा केला होता. तो ‘ए’ जगात फक्त सुनंदाताईंच्या डोक्यातून निघाला होता. उतारा वाचून तिथं पाच हुशार मुलं पोचतील, हे शक्यच नव्हतं.

त्याचं असं आहे. आमच्या क्लासची दुसरी शाखा साताऱ्यात. सुपरवायझर दोन्हीकडं मिळून एकच, म्हणून मॉक, म्हणजे सराव परीक्षा, साताऱ्यात शनिवारी आणि सांगलीत रविवारी. पेपर तोच. साताऱ्यात पेपर सुटला की आन्सर-की मुलांच्या हातात देतात. तिची पीडीएफ शनिवारी संध्याकाळीच सांगलीतल्या आमच्या क्लासच्या हॉस्टेलवर पोचत होती. मी पहिल्या वर्षापासून सांगत होते की एकाच दिवशी घ्या. पण क्लासच्या बाईचं कोण ऐकतं? ह्या वेळी यादीत खाली गेलेली चार मुलं बघितली, तर चौघंही रोज एसटीनं येणारी. प्रज्ञाकडं तर साधा बटणांचा फोन. वडिलांचा हुकूम तसा होता. मी तिचा पेपर बरोबर उत्तरांवर तपासला. बाराचे सव्वीस झाले. वर्गात पहिली आली असती.

मी सरळ देशमाने सरांच्या केबिनमध्ये गेले. क्लास त्यांचा. सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेत होते.

“तरीच,” ते म्हणाले. “मी म्हणत होतो, साताऱ्याची बॅच एवढी आपटली कशी. म्हटलं, साताऱ्याची पोरं कच्ची आहेत.”

“सर, साताऱ्याच्या पोरांनी प्रामाणिकपणे पेपर दिला.”

“बरं. आता काय करायचं म्हणता?”

“यादी मागं घ्या. पुन्हा तपासा.”

“मॅडम, यादी पालकांच्या ग्रुपवर गेली. पाच जणांचा फ्लेक्स छापायला दिलाय. आता काय सांगू, आमची आन्सर-कीच चुकली? लोक तोंडात शेण घालतील. पुढच्या महिन्यात बघू. येईल ती पोरगी वर, हुशार असेल तर.”

“पुढच्या महिन्यापर्यंत ती राहणार नाही सर. तिचा बाप घेऊन जाईल.”

“एका मुलीसाठी मी सगळा क्लास हलवू का?” असं म्हणून त्यांनी फोन उचलला. म्हणजे मी उठावं. मी उठले. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते काय, ते त्या दिवशी कळलं. आणि सूळ उभा केला होता मी!

मंगळवारी सकाळी दहाला सुभेदार साहेब दारात हजर. कडक इस्त्रीचा शर्ट. मागं प्रज्ञा, पाठीला दप्तर आणि हातात लायब्ररीची परत करायची पुस्तकं.

“मॅडम, न्यायला आलोय,” ते म्हणाले. “तुमी लय कष्ट घेतले. पण बास झालं आता.”

“एका यादीवरून एवढं करू नका साहेब.”

“आवं, आमी फौजेतली मानसं. यादी म्हंजे यादी. नाव हाय तर हाय, न्हाई तर न्हाई.”

प्रज्ञा खाली मान घालून उभी. माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती. मला देशमाने सर आठवले, फ्लेक्स आठवला. घरी बसून टीव्ही बघणारी मी पण डोळ्यापुढं आली. पण त्या पोरीच्या हातातली पुस्तकं बघवेनात.

“यादी चुकलीय,” मी म्हटलं. “आन्सर-की मी चुकीची टाईप केली. तुमच्या मुलीला सव्वीस आहेत. ती पहिली आहे.”

सुभेदारांनी आधी पोरीकडं बघितलं. मग म्हणाले, “खरं?”

“खरं.”

“लिहून द्या.”

“काय?”

“लिहून द्या मॅडम. सही-शिक्क्यानिशी. तोंडी आमी मानत न्हाई.”

मी क्लासचं लेटरहेड काढलं आणि लिहिलं. आन्सर-की चुकली, चूक माझी, प्रज्ञाचे मार्क सव्वीस. खाली सही. सुनंदाताईंनी शिक्का मारला. सुभेदारांनी ते दोनदा वाचलं आणि फोटो काढला. पोरीला म्हणाले, “जा, तासाला बस.” आणि जाता जाता तो फोटो त्यांनी पालकांच्या ग्रुपवर टाकला.

पुढच्या दोन तासांत माझा फोन तापला. मिरजेच्या एका डॉक्टरीणबाईंचा हॉस्टेलवर राहणारा मुलगा सोहम यादीत पहिला होता. “माझ्या मुलाला एकोणतीस होते. ऑफिसात विचारलं तर आता तेरा म्हणे! तुम्ही मार्क देता की काढून घेता?” त्यांना काय सांगायचं? तुमचा मुलगा चुकीची उत्तरं बिनचूक पाठ करून आला, असं? देशमाने सर तर असे ओरडले की साताऱ्याला ऐकू गेलं असेल. “लेटरहेड कुणाला विचारून वापरलं?” मी म्हटलं, “पगार द्या, मी निघते.” मग जरा खाली आले. प्रकरण ग्रुपवर गेल्यावर त्यांच्यापुढं दुसरा रस्ताही नव्हता. पुढच्या रविवारी दोन्ही शाखांत एकाच वेळी फेरपरीक्षा झाली. सुपरवायझर म्हणून साताऱ्याला स्वतः सर गेले. प्रज्ञा अ बॅचमध्ये परत आली.

सोहमला मी बोलावून घेतलं. मुलगा वाईट नाही. फेरपरीक्षेत त्यानं स्वतःच्या जिवावर तेवीस काढले होते.

“तो झाडांचा उतारा वाचला होतास का?”

“वाचला होता मॅडम.”

“मग ‘ए’ का?”

“मला ‘डी’च वाटत होतं. पण पीडीएफमध्ये ‘ए’ होतं. म्हटलं, आपलंच चुकत असेल.”

मी त्याला झापायला बोलावलं होतं. सोमवारी सकाळी मीही तेच केलं होतं, तेही तीस वर्षांच्या अनुभवावर. कुठल्या तोंडानं बोलणार? “जा,” म्हटलं, “पेपर सोडव.”

एन्ट्रन्सचा निकाल लागला. प्रज्ञाला दुसऱ्या राज्यातलं चांगलं लॉ कॉलेज मिळालं. सोहमलाही मिळालं, थोडं खालच्या नंबरचं. प्रज्ञा आणि सुभेदार पाया पडायला घरी आले. मी पोहे केले. गप्पा चालल्या होत्या. मी सहज म्हटलं, “साहेब, त्या दिवशी तुम्ही एका यादीवरून तिला ओढून न्यायला आलात. थोडा विश्वास ठेवायचा पोरीवर.”

सुभेदारांनी पोह्यांतून मान वर केली. “आमी कुठं? हिनंच फोन केलता की. सोमवारी स्टँडवरनं. म्हणली, पप्पा, उद्या येऊन मला क्लासमधनं काढून न्या. मला वाचताच येत न्हाई. मॅडमनी समजावून सांगितलं.”

प्रज्ञा हसत होती. तिच्या दृष्टीनं ते कधीच मागं पडलं होतं. मी आत जाऊन उगाच चहा ठेवला.

तेव्हापासून मुलं शंका घेऊन आली की मी आन्सर-की उघडत नाही. “थांब,” म्हणते, “आधी उतारा वाचू दे.” वेळ लागतो. रांग दाराबाहेर जाते, आणि देशमाने सरांची त्याबद्दल कायम तक्रार असते.