पाण्यातली दामिनी

दामिनीचे पाय जन्मापासून आखडलेले, बोलणंही अडखळत येई. हिंगणीहून वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं की डॉक्टर विचारत आईला, आणि सांगेही आईच. दामिनी खिडकीबाहेरच्या ढगांत रमून जाई.

अठरावं सरलं तसं तिला लहान मुलांच्या विभागातून मोठ्यांच्या विभागात पाठवलं. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी आईला थांबवलं. "तुम्ही नका सांगू. दामिनी, तुला काय हवंय?"

शब्द ओठांवर यायला वेळ लागला. कोणी घाई केली नाही.

"मले... पाण्यात जायचं हाय."

"बुडशील ना वं!" आई घाबरली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी तिला दवाखान्यातल्याच व्यायामाच्या कोमट पाण्याच्या हौदात अलगद उतरवलं आणि मानेखाली हात धरला. हळूहळू पाय सैल झाले. छतावर उजेडाच्या लाटा हलत होत्या, कानांत पाणी गुणगुणत होतं. आपल्याला वजनच नाही, असं दामिनीला वाटलं.

"कसं वाटून राह्यलं?" काठावरून आईनं विचारलं.

"नको बोलवू मले," डोळे मिटूनच ती म्हणाली. "मी लय दूर आली."

आता दर बुधवारी एसटीसाठी आईच्या मागे घाई लावते ती दामिनीच.