वरवंट्याने अडवलेला खंदक

एकाहत्तरच्या लढाईत पवनीतल्या आमच्या गल्लीच्या संरक्षणाची जबाबदारी माझ्यावर होती, आणि शत्रू आमच्या गल्लीपर्यंत पोचू शकला नाही. एवढ्यावर थांबलो असतो तर इज्जत राहिली असती. पण साकोलीच्या पाव्हण्यांना मी आधीच पत्र टाकून बसलो होतो.

हे पाव्हणे म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार. त्यांची मुलगी मला मनापासून पसंत होती. हवालदारांना मात्र मागावर बसून धोटा फेकणारा जावई जरा मऊ वाटत होता. म्हणून मी लिहिलं की, सध्या मी गल्लीसाठी छातीएवढा खोल खंदक एकट्याने खोदला असून चाळीस जीव माझ्या भरवशावर आहेत. (लिहिलं तेव्हा कुदळ अजून शेजाऱ्याकडून यायची होती.)

आता पवनीत खोदणं म्हणजे काय ते पवनीकरालाच ठाऊक. कुठंही कुदळ मारा, खाली कोण्या राजाच्या काळातली हातभर लांब वीट निघते. खंदक खोदायचा ती आमची सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, तर थेट किल्ल्याच्या परकोटाच्या भिंतीला लागून. प्रत्येक घावाला ठण्ण! तीन दिवसांत दोन हात खोल गेलो आणि तळहाताला लिंबाएवढे फोड आले. मी बाबूजींना समजावून पाहिलं की आपल्या पूर्वजांनी अख्ख्या गावाभोवती खंदक खोदून ठेवला आहे, मग हा नवा कायले?

"त्या खंदकात म्हशी बसून राहिल्या," बाबूजी म्हणाले. "त्याहिले उठवशीन तू?"

चौथ्या दिवशी दुपारी सगळे मागावर असताना मी स्वयंपाकघरातून मायचा वरवंटा उचलला, खंदकाच्या तळाशी उभा पुरला, वर माती लोटली आणि पुन्हा कुदळ घेऊन बोंब ठोकली. पवनीत जमिनीतून उभा दगड निघाला की त्याला आधी शेंदूर लागतो, चौकशी मागाहून. आत्याबाई धावत आल्या, त्यांनी बोटभर जाड शेंदूर थापला आणि हुकूम सोडला की देवाच्या अंगावर आता कोणी कुदळ चालवायची नाही. मी अत्यंत जड अंतःकरणाने कुदळ परत केली आणि गाढ झोपलो.

उठलो तर हवालदारांचं कार्ड आलेलं: "परवा खंदक पाहायले येतो. मुलगा तर पाहिलाच हाय."

त्यानंतर दोन दिवस मला झोप लागली नाही. चोरून खोदायला जावं तर आत्याबाई खंदकात पाय सोडून जप करत बसलेल्या. वर झेंडा लागला. लाखांदूरकडच्या दोन बायका नवस बोलून गेल्या. इकडे माय रोजची चटणी शेजारणीच्या पाट्यावर वाटून आणत होती आणि चोराच्या सात पिढ्या काढत होती. चोर समोर बसून भाकरी मोडत होता.

हवालदार आले, आणि नेमका त्याच वेळी राईस मिलचा भोंगा वाजला. हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा! नियम असा की तो वाजताच अर्ध्या मिनिटात सगळ्यांनी खंदकात आडवं व्हायचं. गल्ली धावत आली. आणि खंदकाच्या काठावर थांबून चपला काढू लागली. मी शिटी फुंकून फुंकून गाल दुखवले, पण कोणी पाय धुवायला पाणी मागत होतं, कोणी नारळ आणायला परत गेलं. शेवटी चाळीस माणसं त्या दोन हातांच्या खड्ड्यात शिरली. डोकी देवापाशी, बाकीचा सगळा ऐवज आभाळाखाली!

त्या रेटारेटीत शेंदूर पुसला गेला. मायने वाकून पाहिलं, दगड उपटला, पदराने पुसला.

"रम्या, हा तं माहा वरवंटा होय."

हवालदारांनी खड्ड्यात काठी घालून खोली मोजली.

"हे खोदाले किती दिवस लागले?"

"तीन."

"अन् देव काढाले?"

"अर्धा घंटा."

हवालदारांनी मिशीवरून हात फिरवला. "अक्कल हाय," ते बाबूजींना म्हणाले, "फक्त तिले हातपाय नाहीत." मग त्यांनी खाट मागवली, खंदकाच्या काठावर टाकली आणि मला सांगितलं, "पत्रात लिहिला तेवढा खोद. मंग पोरीचं बोलू."

मी खोदलं. विटा निघाल्या, खापरं निघाली, माझा दम तर त्याआधीच निघाला. आत्याबाई काठावरून माझ्याच नावाने जप करत होत्या, पण सूर आशीर्वादाचा नव्हता. दिवस कलता कलता माती छातीला लागली. हवालदारांनी पुन्हा काठी घातली आणि म्हणाले, "या वर, जवाईबापू."

मी वर यायला हात पुढे केला तोच बाबूजी कानाला रेडिओ लावून घरातून आले.

"लढाई संपली म्हणते," ते म्हणाले. "आता हे बुजवून टाक. एखादी म्हैस पडन."

मी गुपचूप स्वयंपाकघराकडे पाहिलं. दारात माय उभी होती, दोन्ही हातांनी वरवंटा छातीशी धरून.