विकर वाढले, विकर घटले

आमच्या सुनेला झिंग्यांचं लय वेड. खायचं नव्हे बरं का, तपासायचं. पिंगळीहून रेल्वे धरून ती परभणीच्या कॉलेजात शिकवायला जाते आणि सुट्टीच्या दिवशी पदर खोचून ओढ्यातले नखाएवढे झिंगे बारीक जाळीनं धरते. ओढ्याच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचं शेड झालंय. त्याचं धुवण नळीतून सरळ ओढ्यात येतं, आणि ओढ्याला लागूनच गावाची पाण्याची विहीर. ती नळी बंद व्हावी, एवढंच आमचं मागणं.

झिंग्याच्या अंगात विकर असतात, असं सुनेनं सांगितलं तेव्हा मी विकारच ऐकलं. ती हसली. म्हणाली, आई, विकार म्हणजे दुखणं, विकर म्हणजे अंगातलं विष निपटणारे कामकरी. शिसं अंगात गेलं की ते जास्त राबतात.

तपासणीत विकर वाढलेले निघाले. ग्रामसभेत तिनं तसं सांगितलं, तर सरपंच खूश. विष झिंगेच साफ करायलेत म्हणाला, मग शेडवाल्याच्या पोटावर पाय कशाला द्यायचा? लोकांनी माना डोलावल्या. सून म्हणाली, थांबा, पुन्हा तपासू.

पुन्हा तपासलं तर विकर पार घटलेले. शिसं इतकं साचलं की कामकरीच मोडून पडले, असं तिचं म्हणणं. आम्ही दोघी परत सभेत गेलो.

"घटले ना? मग विष बी घटलं असंल, काकू," सरपंच म्हणाला. "काम न्हाई म्हणून कामकरी कमी."

म्हणजे वाढले तरी बरं, घटले तरी बरं. मला राहवलं नाही.

"लेका, तुझी बायको राबून राबून अंथरुणाला खिळली, तर घरातलं काम सरलं म्हणशील का?"

बाया पदराआड हसल्या. मागून कुणीतरी बोललं, ह्यो म्हणंल बी. सरपंचाचं तोंड उतरलं. मग म्हणाला, अजून एकदा तपासून आणा, नळीचं बघू.

म्हणून परवा सून दिवसभर ओढ्यात उभी होती. जाळीत शेवाळ आलं, काड्या आल्या, झिंगा एक न्हाई. मीच जाऊन सरपंचाला सांगितलं, बाबा, तपासायला झिंगेच उरले नाहीत.

"मग पुरावा कुठंय, काकू?"

आता ह्याला काय सांगावं? विहिरीचं पाणी सगळं गाव पितंच हाय, त्याच्या घरचे बी.